बोट सरळ बसली तेव्हा

शुक्रवार, १२ मार्च २००४. कुवेत, संध्याकाळ.

अजून हसू आवरत नाहीये. दिलीप शेजारच्या खोलीत आहे, म्हणून उशीत तोंड खुपसून हसावं लागतंय.

बोट समुद्रात सोडणं सोपं. परत गाडीमागच्या ट्रेलरवर चढवताना संसाराची परीक्षा. गाडी मी मागे घ्यायची, नवऱ्याने बोटीत उभं राहून हुकूम सोडायचे. आज दोनदा तिरकी बसली. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, "यल्ला, यल्ला!", म्हणजे चला, आटपा. उतरून पाहिलं तर ट्रेलर पार बुडालेला. बोट टेकणार कशावर? तरंगत वाऱ्याबरोबर डावीकडेच जाणार ना!

"गाडी जरा पुढे घेते," मी म्हटलं.

"अगं, घरात इंजिनियर कोण आहे?"

घेतली पुढे. बोट सुतासारखी सरळ बसली. मागच्या कुवेती आजोबांनी टाळ्या वाजवल्या, आणि दिलीपने बोटीतूनच छातीवर हात ठेवून, वाकून त्या स्वीकारल्या. त्याने! मला इतका राग आला की तशीच गाडी उतारावरून वर काढली. पण बोट ट्रेलरला बांधायचा पट्टा अडकवायचा राहिला होता. ते काम त्याचं. बोट सुळकन मागे घसरली आणि माझा नवरा वाकलेल्या अवस्थेतच पुन्हा समुद्रात गेला.

मी मुद्दाम केलं का? नाही. बहुतेक नाही.

काठाशी आला तेव्हा आवाज एकदम मऊ. "आता कसं करायचं, तूच सांग."

सांगितलं. पट्ट्यापासून सुरुवात केली.