कैरोच्या राणीसमोर तुझा चेहरा

प्रिय आई,

तू गेल्यापासून दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज कैरोच्या हॉटेलात, बाकीचे सगळे खाली जेवायला गेलेत आणि मी लिहायला बसलेय. कारण दुपारी म्युझियममध्ये मला तुझा चेहरा आठवेना. दोन-तीन मिनिटंच, पण आठवेना. घाबरले गं मी.

हो, इजिप्तला आलेय. ह्यांची हौस! काल पिरॅमिड बघितले. तू असतीस तर मान वर करून आधी विचारलं असतंस, एवढे धोंडे वाहणाऱ्यांच्या भाकरी कोण थापत होतं? मी गाइडला खरंच विचारलं. तो म्हणाला, त्यांच्या भाकरी भाजायच्या भट्ट्या सापडल्यात जवळच. तुला बरं वाटलं असतं.

आज ममी बघायला गेलो. खरं सांगते, मी आत शिरले ती रागातच. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं इथे जपून ठेवलीत, तिकीट काढून कुणीही यावं आणि बघावं. आणि तुला माझ्यासाठी एक दिवस ठेवणं घरच्यांना जमलं नाही? आपल्या चोपडा गावात बर्फ मिळत नव्हता का?

तू पहाटे गेलीस. पुण्याहून निघताना मी भाऊला फोनवर सांगितलं होतं, मी येईपर्यंत हलवू नका. तो बरं म्हणाला. धुळ्याला गाडी थांबवून पुन्हा फोन केला, तर तो काकूने उचलला. म्हणाली, आत्ताच सगळे आटोपून आले. वैशाखातलं ऊन, आणि मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. घरी पोहोचले तेव्हा धुतलेलं अंगण वाळूनसुद्धा गेलं होतं.

भाऊ दारातच उभा होता. म्हणाला, "तू तिले तशी देखाले नको, म्हनीसन मी थांबनू नही."

मी तुला तशी बघू नये म्हणून तो थांबला नाही म्हणे! मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. सगळ्या भावकीसमोर तोंडाला येईल ते बोलले. तेव्हापासून माझं माहेर बंद. तो फोन करतो, मी उचलत नाही. आता तू म्हणशील, तुझंही चुकलंच. तू नेहमी त्याचीच बाजू घ्यायचीस!

तर त्या काचेसमोर उभी होते. आत एक राणी. ओठ आक्रसून दात दिसत होते, गाल खोल गेलेले, केस मेंदी लावल्यासारखे तांबूस. बघत राहिले. मग डोळे मिटून तुला आठवायला गेले, तर तीच पुढे यायला लागली. कपाळ तुझं आणि दात तिचे. काही केल्या जाईना.

बाहेर येऊन बाकावर बसले. ह्यांनी पाणी दिलं. मग हळूहळू आलीस तू. गच्चीवर, डोक्यावर ओला टॉवेल, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या उलटतेस आणि मी अनवाणी वर आले म्हणून ओरडतेस. किती रडले मी त्या बाकावर!

आणि मग मनात आलं, तशी म्हणजे कशी, हे मी भाऊला कधी विचारलंच नाही. काय बघितलं होतं त्याने? पहाटेपासून तुझ्याजवळ तो एकटाच बसला होता, त्या उकाड्यात. मला तर तू गच्चीवरची मिळालीस. तो डोळे मिटतो तेव्हा त्याला कोण दिसत असेल गं?

माझा राग पुरता गेलाय असं नाही. तुला हलवण्याआधी त्याने निदान मला फोन तरी करायचा होता. पण दोन वर्षं तो ते कुणालाच सांगू शकला नसणार. वहिनीलाही नाही, त्याचा स्वभाव तुला माहीत आहे.

यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी चोपड्याला येते. लेकी येतात तशी, राहायलाच. जेवणं झाली की भाऊजवळ बसेन आणि म्हणेन, आई शेवटी कशी दिसत होती, मला सांग. त्याला किती का वेळ लागेना. सगळं ऐकेन मी आई, मध्ये उठणार नाही.

तुझी,
मंगल