चौसष्ट धडे

३ जून
शिक्षकांसाठी डिजिटल प्रशिक्षण सुरू. ३१ ऑगस्टला शिवण शिकवणारी मी निवृत्त, लेथ यंत्र शिकवणारे सरही. दोन वर्षांची मुदतवाढ मात्र एकालाच. डिजिटल काम बघून ठरवू, म्हणाले प्राचार्य. म्हणजे ठरलंच. मी पदवीधर आहे.
संकल्प : महिन्याभरात सगळं आत्मसात करणे.

५ जून
पासवर्ड चार वेळा चुकला. कीबोर्ड निकृष्ट. सायंकाळी सुनेला शेजारी बसवलं.

१२ जून
ऑनलाइन चाचणीत ९४ गुण. उत्तरांवर क्लिक सुनेने केलं, उत्तरंही तिनेच शोधली. पण शिस्त माझी. ती म्हणाली, आई, एकदा तरी माउस हातात धरा. मी म्हटलं, ड्रायव्हर असला की मालकाने स्टिअरिंगला हात लावू नये. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१८ जून
लेथवाले सर एका बोटाने टाइप करतात. ओळ लिहीपर्यंत चहा गार. मी सर्वांदेखत म्हटलं, लोखंड केसाएवढं तासणाऱ्याला पडद्यावरचा बाण चौकटीत नेता येईना! स्टाफरूम खदखदून हसली. सरही हसले असणार. मान खाली होती, दिसलं नाही.

२ जुलै
प्रत्येकाने आपल्या विषयाचे दहा धडे चित्रित करून द्यायचे. मी अख्खा अभ्यासक्रम देणार. चौसष्ट धडे. कुंपणापर्यंत धावणारी सरड्याची जात माझी नव्हे.

२० जुलै
एकोणतीस झाले. कॉलरच्या धड्यात सून मोबाइल धरून शिंकली. पाच वेळा पुन्हा करायला लावलं. मुलगा म्हणतो, तिची ऑफिसची वर्षभराची सगळी रजा यातच संपली. रजा असते तरी कशासाठी?

६ ऑगस्ट
चौसष्ट पूर्ण. सुनेने पाठवले. ती आता माझ्याशी मोजकंच बोलते. कामाची सवय लागली.
लेथवाल्या सरांचा एकच धडा झालाय, त्यातही निम्मा वेळ त्यांचा अंगठा. फाइल कशी पाठवायची, विचारत होते. मी सांगितलं, या वयात घरी आराम करावा.

२० ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. नवी साडी नेसून गेले. फार कौतुक केलं. एवढं काम कुणीच केलं नाही, म्हणाले. मग म्हणाले, "बाई, तुमचं सगळं आता संगणकात आहे. धडा लावायला शिपाईसुद्धा पुरे. सरांचं मात्र सगळं अजून त्यांच्या हातातच आहे. त्यांना सोडून कसं चालेल?"
मुदतवाढ सरांना.
हे तात्पुरतं आहे. शिपायाला बटणहोल कळत नाही. आठवड्यात बोलावणं येईल.

३१ ऑगस्ट
निरोप समारंभ. श्रीफळ, शाल. शालीची किनार कच्ची. भाषणात मी सांगितलं, येत जाईन. टाळ्या तिथेच थांबल्या. भारावले असतील.

९ सप्टेंबर
बोलावणं नाही. फोन बिघडला असावा. सुनेने तपासला. म्हणाली, ठीक आहे.

११ सप्टेंबर
स्वतःच गेले. शिवणवर्गात पहिला धडा चालू होता. भिंतीवर मी, चांगली पुरुषभर उंच. मुली टिपणं काढत होत्या. माझ्यासमोर इतक्या शांत कधी बसल्या नव्हत्या.
एकीने कात्री चुकीची धरली होती. दारातूनच सांगू लागले, अंगठा वरच्या कडीत घाल.
पुढच्या बाकावरची मुलगी मागे न बघताच म्हणाली, "जरा हळू बोला ना. बाईंचं ऐकू येत नाहीये."
शिपायाने स्टूल पुढे सरकवलं. बसले. धडा उत्तम आहे.