पहिला गिलास

मावशी, उद्या सकाळी पहिला गिलास कोणी प्यायचा ते माझं ठरत नाही. दुपारपासून सारखा उठतो आहे, कूलरमध्ये पाणी आहे का बघतो, परत येऊन बसतो. होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि उद्यापासून दुकानात सरबताची भांडी मांडायची आहेत. तुझी हातगाडी आता राहिली नाही. एसटी स्टँडच्या समोर, तू उभी राहायचीस त्याच बाजूला, छोटं दुकान आहे आणि ते माझा मुलगा चालवतो. लिंबू तेच, संत्रं तेच, साखरेचा पाकही मी तुझ्याच पद्धतीने करतो. आणि तुझ्या पद्धतीवरच सगळं अडलं आहे.

सातवी नापास होऊन नरखेडकडून तुझ्याकडे आलो तेव्हा तू मला आधी पाक शिकवला नाहीस, प्यायला शिकवलंस. रोज सकाळी भांडं भरलं की पहिला गिलास विकणाऱ्याने प्यायचा, रस्त्यावर उभं राहून, लोकांना दिसेल असा, पूर्ण. पाकाची पळी काठोकाठ भरायची. कमी पळी म्हणजे चोरी. एकदा एक माणूस सॅकरीनची पुडी घेऊन आला होता. गाडीला टेकून म्हणाला, "चिमूटभरात घागर गोड होते मावशी. साखर काहून जाळून राहिली?" तू त्याच्याच पुडीतलं पाण्यात ढवळून गिलास त्याच्यापुढे धरलास. "पे मंग पहिले तूच." तो म्हणाला, मी घरून चहा पिऊन आलो. "चहा पेऊन आला तं सरबत काय नाकात जाते?" गाडीवरची माणसं हसली. त्याने एक घोट घेतला, बाकीचा जमिनीवर ओतला आणि गेला, आणि पुडी तू नालीत टाकलीस. माझा घसा सुजला होता तो दिवसही मला आठवतो. मी गिलास नुसता ओठाला लावून ठेवून दिला, तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुले नाही गिळत तं लोकाले काहून पाजून राहिला?" मग तो गिलास तूच संपवलास आणि मला सावलीत नेऊन बसवलंस. पुढे तू गेलीस, गाडी गेली, पण पहिला गिलास मी सोडला नाही.

आता मला शुगर निघाली आहे. सून चहात साखरेऐवजी गोळी टाकते. चहा गोड लागतो, पण घोट गेल्यावर जिभेच्या मागे काहीतरी कडवट रेंगाळतं, आणि मी अर्धा दिवस तेच चाचपत बसतो. मोबाईलवर एक जण पाठवतो, गोळीने रोग होतो. दुसरा पाठवतो, साखर हेच विष आहे. दोन्ही मी ओळीवर बोट ठेवून वाचतो आणि दोन्ही खरं वाटतं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "गोळी मापात चालेल काका. पण इतकं गोड लागतंच कशाला? जिभेची सवय कमी करा." मुलाने तर तोडगाच काढला. म्हणाला, "बाबा, यंदा दोन भांडे ठेवू. एक साखरेचं, एक शुगर फ्री. अर्धं नागपूर शुगरवालं आहे. अन् तुम्ही पहिला गिलास त्यातलाच घ्या न." त्याला हे सोपं वाटतं. मला वाटत नाही. तू नालीत टाकलेलंच नाव बदलून परत आलं आहे की हे काही वेगळं आहे, मला कळत नाही. आणि मी त्यातलं प्यायलो, तर साखरेचं भांडं न पिता लोकांना पाजायचं का? मला चालत नाही ते दुसऱ्याला काहून देऊन राहिलो, असं तू विचारशीलच.

पण खरं तेही नाही. झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने. डॉक्टरांनी निघताना सांगितलं, रोज पायाचे तळवे बघत जा, शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही. मी हो म्हणालो, पायऱ्या उतरलो आणि खालच्या पायरीवर बसूनच राहिलो. शेवटच्या वर्षी तुझ्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला होता. तू हळद भरत होतीस, चिंध्या बदलत होतीस, आणि पावसाळा सरला तरी ती जखम ओलीच होती. सारखी पाणी प्यायला माठाकडे जायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "ऊन लागते रे, दुसरं काय." आणि त्या पायावर उभी राहून रोज सकाळी गिलास काठोकाठ भरून प्यायचीस, पुसायचीस, उलटा ठेवायचीस. तुझं रक्त कोणी तपासलं नाही. तपासतात, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कदाचित ते शुगर नसेलही. पण असेल, तर मावशी, मी रोज सकाळी तुझ्या हातात काय देत होतो? पाक तर तेव्हा मीच करायचो. आणि आता ते माझ्या मुलाच्या हातात देऊ?

काल इथपर्यंत लिहून थांबलो होतो. आज सकाळी भांडी मांडली. मी काही बोलायच्या आधीच मुलाने साखरेचा गिलास भरला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. प्यायला. मी त्याच्या पायांकडे बघत होतो. अर्ध्यात थांबून तो म्हणाला, "लय गोड आहे बाबा. हे रोज पित होते तुम्ही?" पण गिलास त्याने संपवला, कारण रिक्षावाले बघत होते. मग दुसऱ्या भांड्यातला मी घेतला. मागे कडवट लागलं. तोंड वाकडं केलं नाही.

दुपारी एक बाई लेकराला घेऊन आली. म्हणाली, "काका, याले शुगर फ्रीच द्या, ते चांगलं असते न?" ते चांगलं की वाईट, हे मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, लेकराले कमी गोडाचं करून देतो." साखरेच्याच पाकाची पळी अर्धी घातली, पाणी वाढवलं, लिंबू पिळलं. पोराने गिलास रिकामा केला आणि गिलासातला बर्फ चोखत बसला. आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं, की आपलं सरबत जास्त गोड आहे. रोज तेच पिऊन माझ्या जिभेला कळेनासं झालं असेल. तुझ्याही.

उद्याचा पाक आत्ताच उतरवून ठेवला आहे. भांड्याला एक पळी कमी घालणार आहे. मुलाला सांगितलेलं नाही. पहिल्या गिलासात त्याला कळेल. त्याला येत्या सोमवारी रक्त तपासायला नेतो आहे, तेवढं मात्र सांगितलं. चिडला, पण येतो म्हणाला. तू असतीस तर भांडं नालीत ओतलं असतंस आणि सगळ्या स्टँडसमोर मला चोर म्हणाली असतीस. म्हातारा झालो तरी तुझी भीती गेलेली नाही. हे पत्र तुला खरंच मिळणार असतं, तर पळीचं मी लिहिलं नसतं.