शेवटचा कोपरा हातानं शिवायचा

मी, कुशाबाई रामहरी घुले, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व गोधड्या शिवणे, राहणार वरकुटे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्या मागं माझ्या मिळकतीचं काय करायचं ते आज स्वखुशीनं लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या घरात माझ्या शब्दापेक्षा शिक्क्याला मान जास्त. मला कोणी धमकावलेलं नाही की गोड बोलून फसवलेलं नाही. मला गोड बोलून फसवणारा अजून जन्माला यायचा आहे.

मसुदा मोहनरावांनी करून दिला. ते तहसील कचेरीत कारकून होते, त्यांचा या कामात हातखंडा. त्यांनी सगळं एका पानात बसवलं होतं. मी म्हटलं, "मोहनराव, एका पानात माझी नुसती जाऊ मावायची न्हाय." ते म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्रात असलं लिहीत नसत्यात." मी विचारलं, "मरणार कोण, तुमी का मी?" तेव्हापासून ते चहा पीत बसले आहेत आणि मी माझ्या अक्षरात लिहिते आहे.

कलम १. माझे मालक रामहरी घुले हे वारले आहेत. त्यांचं नाव मी उभ्या जन्मात उखाण्याशिवाय घेतलं नाही, इथं कायद्यासाठी घेते. मला दोन मुलगे. थोरला दीपक, त्याची बायको सोनम, ती दोघं पलीकडच्या वस्तीवर राहतात. धाकटा संदेश. तो आता नाही. त्याची बायको वृषाली आणि मुलगी स्वरूपा माझ्याजवळ राहतात. मालकांनी वडिलोपार्जित शेताची वाटणी जिवंतपणीच करून दिली, तिच्यात मी हात घालत नाही. मी लिहिते ते फक्त माझ्या स्वतःच्या नावावरचं.

कलम २. ओढ्याकाठचं डाळिंबाचं रान माझ्या नावावर आहे, ते दीपकला द्यावं. त्यानं ती झाडं पोटच्या पोरासारखी सांभाळली आहेत, तेल्या रोग आला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. झाडावर एवढी माया करणारा माणूस वाईट नसतो, हे मला पुढच्या कलमांसाठी आधीच लिहून ठेवायचं आहे.

कलम ३. माझी बोरमाळ सोनमला. सोनम तोंडानं फटकळ आहे, पण माझा गुडघा धरला तेव्हा रोज येऊन शेकून गेली आणि शेकताना रोज मला बोललीही. दोन्हीची आठवण म्हणून बोरमाळ.

कलम ४. तांब्याचं मोठं घंगाळ माझी जाऊ धोंडाबाई हिला कायमचं देण्यात येत आहे. तिच्या लेकीच्या लग्नात ते तिनं नेलं, ती लेक आता स्वतः सासू झाली तरी ते परत आलं नाही. म्हणजे घंगाळ तिच्याकडेच आहे. फक्त यापुढं तिनं ते लपवू नये, अंगणात ठेवावं.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. इंदापूर रस्त्याला लागून असलेलं राहतं घर आणि त्याच्या पुढच्या अंगाचा शटरचा गाळा ही मिळकत मालकांनी माझ्या नावे खरेदी केली. ती पूर्णपणे, एकटीच्या मालकीनं, माझी सून वृषाली संदेश घुले हिला मिळावी. ती तिथं राहील, गाळ्यात काम करील आणि तिच्या मनात आलं तर पुन्हा लग्नही करील. त्यानंसुद्धा तिचा हक्क जाणार नाही. मोहनरावांनी इथं भुवई वर केली. करू देत.

हे असं ठासून लिहिण्याचं कारण आहे. संदेशच्या तेराव्याला, पाहुणे पानावर बसलेले असताना, दीपक सगळ्यांदेखत म्हणाला, "वृषालीनं आता माळेगावला माहेरी जावं. तितं कारखान्यावर तिच्या भावाच्या ओळखी हायेत, चिकटवतील कुठंतरी. पोरगी हितं राहू द्या. गाळ्यात मी खताचं दुकान टाकतो." वृषाली वाढत होती. तिच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "बघू." हे मृत्युपत्र म्हणजे ते बघणं आहे.

कलम ६. शिलाई मशीन. सोनम मागं म्हणाली होती, "आत्या, तुमच्या माघारी मशीन मला द्या, ब्लाउज तरी शिवीन." म्हणून स्पष्ट लिहिते, मशीन माझी नाही. वृषालीनं ती लग्नात माळेगाव बुद्रुकहून रुखवतात आणली. गावात तिला कुशाकाकूची मशीन म्हणतात, कारण तिच्यावर बसलेली मी दिसते. पण गाडीत बसलेला माणूस बैलांचा मालक असतोच असं नाही. जे माझं नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही आणि कोणी माझ्याकडं मागूही नये.

मी त्या मशीनवर कशी बसले तेही लिहिते, त्याशिवाय कलम पाच कोणाच्या डोक्यात शिरायचं नाही.

हातानं गोधडी मी परकर नेसत होते तेव्हापासून शिवते. जुनी लुगडी अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कडेपासून सुरुवात करायची आणि टाके घालत आत आत येत मध्यावर थांबायचं. माझ्या आईनं असंच शिकवलं, तिच्या आईनं तिला. संदेश गेला त्या वर्षी माझ्या अंगठ्यानं दगा दिला, सुई धरवेना. संदेश उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याला निघाला होता, वळणावर ट्रॉली उलटली. त्यापुढचं मी लिहीत नाही.

वृषाली तेव्हापासून बोलायचीच बंद झाली. धुणी, भाकरी, गोठा, सगळं करायची, पण तोंडातून शब्द नाही. मशीनवर चादर टाकलेली. संदेशच्या कपड्यांचं गाठोडं कोपऱ्यात, आम्ही दोघी त्याच्याकडं बघायचो आणि उठून जायचो. ही पोरगी अशीच वाळून जाईल की काय, अशी मला भीती वाटायची. मी कशाला भीत नाही, पण त्याला भ्याले.

एका दुपारी ती रानात गेलेली बघून मी चादर काढली. चांगली पाच-सहा लुगडी एकावर एक ठेवली, सुईखाली कोंबली आणि पाय मारला. खाडकन सुई मोडली आणि तुकडा माझ्या कानाजवळून गेला. मागं बघते तर वृषाली दारात उभी. म्हणाली, "आत्या, आधी पाय काढा." एवढेच शब्द. पण मी मनातल्या मनात नरसिंहपूरच्या देवाला नारळ बोलले.

तिनं जाड सुई बसवली. थर कमी केले. लांब लांब कच्चे टाके घालून घेतले, गोधडीची एक बाजू सुरळी करून मशीनच्या मानेखाली कशी घालायची ते दाखवलं आणि भाकरी टाकायला गेली. मी म्हटलं, हिच्या जन्माआधीपासून मी गोधड्या शिवते, ही मला काय शिकवणार! आणि सवयीनं कडेपासूनच सुरुवात केली. चारी कडा अशा नेटक्या शिवल्या की बघत राहावं. पण हातशिलाईत आपण कापड बोटानं मागं सारत जातो. मशीन सारत नाही, पुढं ढकलते. मध्यावर पोचले तर सगळं कापड तिथं गोळा झालेलं आणि गोधडी मधोमध टम्म फुगलेली. मी वरून तळहातानं दाबायला लागले, तर एकीकडं दाबलं की दुसरीकडून वर.

वृषाली पिठाच्या हातानं आली, बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, ही गोधडी हाय का गाभण म्हस?" आणि हसली गं बाई! संदेश गेल्यावर पहिल्यांदा हसली. हसता हसता खाली बसली, मग रडायला लागली, मग मीही. म्हैस तशीच मशीनमध्ये अडकलेली. पुष्कळ वेळानं डोळे पुसून तिनं सांगितलं, "मशीनवर मधनं सुरू करायचं, आत्या. मग कापड कडंला सरकत जातं, सरळ बसतं." साठी उलटून गेल्यावर मी सुनेकडून उलटं शिवायला शिकले, आणि झकास शिकले. आता बारामतीपर्यंतच्या बाया लुगड्यांची गाठोडी घेऊन गाळ्यात येतात. स्वरूपा शाळेतून आली की तुकडे जुळवते. तिला रंगाची नजर आहे, ती बापाकडून आली.

ती पहिली फुगलेली गोधडी मी उसवली नाही, तीच पांघरून झोपते. ती माझ्याबरोबर सरणावर ठेवावी. धोंडाबाईला दाखवू नये. मशीनच्या गोधडीला माया नसते, माया हाताला असते, असं ती आख्ख्या गावात सांगत फिरली. मी तिला विचारलं होतं, "व्हय का? मग तुमच्या हातच्या भाकरी का करपत्यात?"

कलम ७. बँकेतली ठेव स्वरूपाच्या शिक्षणाला. तिला काय शिकायचं ते तिनं ठरवावं. माझे कपडे संगमावर नदीत सोडू नयेत. नदीला लुगडी नेसायची नसतात. ती वृषालीला द्यावीत, तिला त्यांचं काय करायचं ते ठाऊक आहे.

कलम ८. संदेशच्या कपड्यांची गोधडी. ते गाठोडं आम्ही दोघींनी शेवटी सोडलं. मधोमध त्याचा निळ्या चौकडीचा शर्ट घेतला आणि तिथून शिवायला सुरुवात केली. गोधडी होत आली आहे. तीन कोपरे बंद आहेत, चौथा उघडा आहे.

आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात चिमूटभर जोंधळा घालतात, त्याला घास म्हणतात. घास घरातल्या थोरल्यानं घालायचा. ज्यानं घास घातला त्यानं पांघरणाऱ्याला कधी उपाशी ठेवायचं नाही, हा त्याचा अर्थ. दाण्यावर मशीनची सुई मोडते, म्हणून आमची सगळी गोधडी मशीनवर होते आणि शेवटचा कोपरा हातानं.

या गोधडीत घास मी घातलेला नाही, मुद्दाम घातलेला नाही. मी घातला तर तो माझ्याबरोबर संपेल. माझ्यानंतर थोरला दीपक. कायद्यानं घर मी वृषालीला दिलं आहे, ते कोणाच्या बापाला काढून घेता यायचं नाही. पण ज्या घरात दीर रोज डोळे वटारून जातो त्या घरात बाईला घास गोड लागत नाही. कागदानं छप्पर देता येतं, माणूस देता येत नाही. म्हणून सही करण्याआधी मी दीपकला बोलावलं आहे. त्यानं हे वाचावं आणि मग तो घास घालावा. नाही घातला तरी घर वृषालीचंच. कोपरा मात्र उघडा राहील आणि येणाराजाणारा विचारील, का उघडा.

सहीच्या आधी जोडलेला मजकूर. मोहनराव म्हणतात की हा लिहिण्याची गरज नाही. मला आहे.

दीपक आला. फवारणीवरून तसाच आला होता, दारात उभा राहून वाचू लागला. घंगाळाच्या कलमाला हसला. पाचव्या कलमाला उंबऱ्यावर बसला. गाळ्यातली मशीन थांबली होती, वृषाली आत ऐकत होती. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "आई, मी तिला हाकलत हुतो व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

त्यानं कागद उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाला, "त्या गाळ्यात संद्या ट्रॅक्टरचे नटबोल्ट पसरून बसायचा. तितं पाय टाकवत न्हाय मला. म्हटलं, समदं काढून टाकावं, नवं दुकान टाकावं, म्हंजी दिसायचा न्हाय."

मी म्हटलं, "आरं, तुला दिसू नये म्हणून तिनं जायाचं व्हय रं?"

तो उठला आणि गाडी घेऊन निघून गेला. मोहनरावांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, संपलं.

तासाभरानं परत आला. हातात एक शर्ट. निळ्या चौकडीचा. एका दिवाळीला मालकांनी दोघा भावांना एकाच ताग्यातून शर्ट शिवून घेतले होते, ते मी विसरून गेले होते. तो सरळ गाळ्यात गेला, वृषालीसमोर शर्ट ठेवला आणि म्हणाला, "ह्यो बी घे त्यात."

वृषालीनं शर्टाचा खिसा अख्खा कापून घेतला आणि चौथ्या कोपऱ्यावर बसवला. मी जोंधळ्याचं सूप पुढं केलं. चिमूटभर घालायचा असतो, त्यानं मूठभर खिशात घातला. मी म्हटलं, "आरं, गोधडी हाय ती, कणगी न्हाय!"

तो म्हणाला, "असू दे आई. स्वरूपा अजून ल्हान हाय."

कोपरा वृषालीनं हातानं शिवला.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचून पाहिला आणि खाली दोघा साक्षीदारांदेखत सही केली. खाडाखोड आहे ती माझीच आहे.

ठिकाण: वरकुटे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे
दिनांक: १९ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार
कुशाबाई रामहरी घुले (सही)

साक्षीदार
१. मोहनराव (सही). मजकूर लांबला आहे, तरी बरोबर आहे.
२. म्हाळसा, शेजारीण (सही)

संमती
दीपक रामहरी घुले (सही). वाचलं. मान्य. घास मी घातला.