डावीकडून येणारी माणसं

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर लिहायला बसते आणि उठते, असं चाललंय. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण घरातल्या घरात हिंडतात. लाँड्रीतलं माझं काम चालू आहे, फक्त मालकाने काउंटरवरून काढून मागे इस्त्रीला घेतलंय. गिऱ्हाइकांची तक्रार होती की मी गर्विष्ठ आहे, बाजूने कपडे पुढे केले तरी ढुंकून बघत नाही.

बाबांचं नाव तुला नको असतं. फोनवर ते निघालं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच एवढंच मागते.

आधी माझ्या नव्या खुळाबद्दल. रविवारी सकाळी मी फोटोग्राफीच्या वर्गाला जायला लागले होते. शिकवणारे गृहस्थ वर्तमानपत्रातून निवृत्त झालेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. रस्त्यावरचे फोटो हा त्यांचा विषय. पहिल्यांदा मी ढीगभर फोटो नेले होते. बाजार, कबुतरं, म्हातारे, जे दिसेल ते. त्यांनी पत्त्यांसारखे भराभर उलटले आणि म्हणाले, "तुम्ही फोटो काढत नाही, वेचताय. दिसलं की उचललं."

मग त्यांनी अटी घातल्या. एकच लेन्स, तीही लांबचं जवळ न आणणारी. एकच चौक. कुणाच्या मागे धावायचं नाही. चौकट आधी ठरवायची, पाय रोवून उभं राहायचं, माणूस त्यात येईपर्यंत थांबायचं. घरी येऊन कडा कापायच्या नाहीत, चौकटीत जे आलं त्याची जबाबदारी आपली. मला राग आला. हात बांधून पोहायला सांगतायत असं वाटलं. पण ताई, फोटो बदलले. पुलाखालच्या चौकात एका बंद दुकानासमोर मी उभी राहायची. त्याच्या शटरवर सकाळी कठड्याची सावली पडते. त्या सावलीत मला एक हमाल मिळाला, डोक्यावरची ट्रंक तशीच ठेवून, मान न हलवता, बायकोच्या हातून पाणी पिणारा. मग एक जोडपं मिळालं, एकमेकांकडे पाठ फिरवून भांडणारं, पण एकाच पिशवीचा एकेक बंद दोघांच्या हातात. धावत होते तेव्हा असलं काही हाती लागलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी मला कशात तरी जमतंय असं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक फोटोत होती. कडेला कुणीतरी अर्धवट घुसलेलं. एखादं कोपर, सायकलचं चाक, अर्धा चेहरा. वर्गातले म्हणाले, वा, ही हिची शैली. मास्तरांनी फोटो जवळ ओढला. त्यांनी त्या कोपरावर बोट ठेवून विचारलं, "हे तुम्हाला हवं होतं?"

मी हो म्हटलं. खरं तर ते कोपर मी फोटो छापून आल्यावरच पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी ते स्वतः चौकात आले आणि नवी अट घातली. कॅमेरा खाली, नजर समोर. डावीकडून कोण येतंय ते मोठ्याने सांगायचं आणि तो चौकटीत शिरला की मगच कॅमेरा उचलायचा. मी सांगायला लागले. माझ्या तोंडून "एक बाई" निघेपर्यंत बाई नाकासमोरून गेलेली असायची. मास्तर हसत होते. मग हसायचे थांबले. तेवढ्यात त्यांनी माझं कोपर धरून मला मागे खेचलं आणि सळयांनी भरलेली हातगाडी मला घासून गेली. गाडीवाला शिव्या देत होता. बिचारा केव्हापासून ओरडत होता म्हणे. पुलावरच्या गोंगाटात मला कळलंच नव्हतं.

"लक्ष नव्हतं माझं," मी म्हटलं.

"लक्ष नव्हतं," मास्तर म्हणाले, "की दिसला नाही?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. समोर उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं ठिपके फारच कमी येतायत, मशीन बिघडलंय. मग त्यांनी कागद दाखवला. सगळा काळा, मध्ये बांगडीएवढं पांढरं. डोळ्यातला पडदा कडेकडून मरत येतो, म्हणाल्या. औषध नाही. ते पांढरंही आकसत जाईल. किती वर्षांत, ते सांगता येत नाही.

मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, मर्यादेतूनच माणूस शिकतो. मी म्हटलं, "मास्तर, ही अट मी मागितली नव्हती." बिचारे कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत बसले. मी त्यानंतर वर्गाला गेलेले नाही.

हे मी तुला कळवणारही नव्हते. तू तिथून काय करणार होतीस? पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंधारात धडपडता का?" मी म्हटलं, लहानपणापासून. त्या म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला होतं?"

ताई, आपल्या आईला होतं.

आठव जरा. तिन्हीसांजेला भिंतीवरून हात फिरवत चालायची. पायात भांडी यायची, उंबऱ्याला ठेच लागायची, आणि बाबा ओरडायचे, "डोळे फुटलेत का तुझे?" आपण हसायचो. त्या संध्याकाळीही भांडणात ते तेच ओरडले आणि ती घराबाहेर पडली. ट्रकवाल्याने सांगितलं, बाई सरळ समोर आली, वळूनसुद्धा बघितलं नाही. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, तिने जीव दिला. तिच्या अंगावर चादर घातलेली होती आणि तू बाबांना म्हणालीस, "तुम्ही घालवलीत तिला." मग तू गेलीस, ती आजतागायत आली नाहीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न तपासलेल्या माणसाबद्दल मी खात्री देऊ शकत नाही. मीही देत नाही. पण ट्रक बाजूने येतो, ताई. मला हातगाडी दिसली नाही.

बाबांना सांगावं की नको, ठरेना. शेवटी विचारलं, "बाबा, आईला संध्याकाळचं दिसायचं का हो?" ते सदऱ्याला गुंडी लावत होते. सुई थांबली. मग म्हणाले, "जिना उतरताना माझा खांदा धरायची. मला वाटायचं, माया आहे."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांचं ओझं उतरेल. उलटंच झालं. म्हणाले, "रागावून गेली म्हणून निदान तिच्यावर रागवता तरी येत होतं. आता काय? आंधळ्या बाईला मी अंधारात बाहेर काढलं." त्या दिवसापासून दुपार कलली की ते घरातले सगळे दिवे लावतात, मोरीतलासुद्धा, आणि दाराशी बसून राहतात. मी बरं केलं की वाईट, मला कळत नाही. त्यांना माफ कर, असं मी तुला म्हणत नाही. तो तुझा प्रश्न.

मी लिहितेय ते तुझ्या पत्रातल्या दोन ओळींसाठी. तू तुझ्या चिमीबद्दल लिहिलंस, कार्टी भलतीच धांदरट निघालीय, संध्याकाळी खेळून येताना रोज गुडघे फोडून घेते, परवा समोरचा पाण्याचा जग लाथाडला म्हणून एक धपाटा घातला. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले. त्या म्हणाल्या, हे एखाद्या पिढीला हुलकावणी देऊन पुढच्या पिढीत उतरू शकतं. तुझे डोळे चांगले आहेत, म्हणून तिचे असतीलच असं नाही.

तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. त्या यंत्रात बसव. उद्याच ने, सुट्टीची वाट बघू नकोस. देव करो आणि पोर नुसती धांदरट निघो, मग मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. पण तोवर तिच्यावर हात उगारू नकोस, आणि तिला काही म्हणायचंच झालं तर दुसरं काहीही म्हण, बाबांचं ते एक वाक्य नको.

नेल्यावर काय निघालं ते कळव. वाईट निघालं तर पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. मी बाबांचं नाव काढणार नाही.

तुझी,
धाकटी