आईची सीट

५ एप्रिल
कुकर लावून ओट्याशीच लॉ सीईटीचा सराव पेपर सोडवला. लेक ऋचा आतल्या खोलीत, नीटच्या दुसऱ्या अटेम्प्टला भिडलेली. सुधीर ऑफिसातून आला, दोघींची पुस्तकं बघून म्हणाला, "दोन-दोन विद्यार्थिनी. नवऱ्याला जेवायला कोण घालणार?" ऋचा हसली. मीही. मी का हसले?

२० एप्रिल
उमेळ्याला माहेरी. वाडीच्या जागी बिल्डिंग. भावाने हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली तेव्हा कागद वाचूही दिला नव्हता. आईला सांगितलं, वकिलीला बसतेय. "आता? पोरीचं बघ आधी." सही कर म्हणून मागे लागलेली हीच.

१४ जून
ऋचाचा निकाल. मेडिकल याही वर्षी नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड. केस विंचरायला गेले, हात झटकला.

१९ जून
माझा निकाल. चांगला. खूपच चांगला. सुधीर : "कुणाला सांगू नकोस. तिच्यासमोर बरं दिसत नाही." बरं म्हटलं. बाथरूमचा नळ सोडून एकटीच हसले.

२२ जून
नणंदेला कळलंच. फोन स्पीकरवर, ऋचासमोर. "वहिनी, पोरीचं नशीब तुम्ही खाल्लंत." सुधीर मान खाली घालून जेवत राहिला. भाजी पुन्हा मागितली.

२ ऑगस्ट
कॉलेज लागलं! सोमवारी शेवटचा दिवस, पदवीची मूळ मार्कशीट घेऊन जायचं. सुधीर : "यंदा सोड ना. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ऋचाचा तिसरा अटेम्प्ट. मग?

३ ऑगस्ट
मार्कशीट टेबलावर काढून ठेवली होती. ऋचाने फाडली. माझ्यादेखत, सावकाश. "बस आता माझ्यासारखी घरी."
ओरडले नाही. म्हटलं, "तुला जमलं नाही. मला जमलं."
तिचा चेहरा...
सुधीर तिला जवळ घेऊन बसला. "आई आहेस की कोण आहेस तू?"
चिकटपट्टी शोधली. तुकडे जुळवत बसले.

४ ऑगस्ट
सकाळी चपला घालत होते तर ऋचा तयार होऊन दारात. का, विचारलं नाही.
कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कने मार्कशीट उजेडाला धरली. "ताई, हे कुणी फाडलं?"
खोटं सांगता आलं असतं. "हिने," म्हटलं.
रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं. ऋचाने मान ताठ ठेवली. "हो. मीच."
क्लार्कने मार्कशीट परत सरकवली. "साहेब जेवायला गेलेत. चालेल की नाही ते सांगतील. बसा."
बाकावर बसून लिहितेय. ऋचा शेजारीच. मध्ये तिने तिची सॅक ठेवलीय.
साहेब अजून आलेले नाहीत.