सगळ्यांच्या मागे

शनि. ६ सप्टें.
गेले एकदाची. समीरने गाडीने जुन्या इस्टेटच्या जंगलाच्या फाटकाशी सोडलं. "काय होणारे?" म्हणे. नवऱ्याला काय, त्याला कुणी मागून ढकललेलं नाही. इथे आयर्लंडात, आमच्या नावन गावात, भर दुपारी दुकानातून येताना मला ढकललं, त्याला पाच आठवडे झाले. गुडघा बरा आहे. एकटीने बाहेर पडणं बंद.
वॉकिंग ग्रुप, माझ्यासकट तेरा जण, बहुतेक रिटायर्ड. पुढे ब्रीडा, खणखणीत आवाज. सगळ्यांत शेवटी पिवळं जॅकेट घालून नोएल, सत्तरीचा. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, म्हणजे कुणी हरवत नाही.
म्हणजे एक माणूस कायम माझ्या पाठीशी! घाम फुटला.

शनि. १३
मागचा बुटांचा आवाज सहन होईना. थांबून लेस बांधली. नोएल थांबला. झाडांचे फोटो काढले. तो उभाच. "सावकाश होऊ दे." पुन्हा लेस. मी पुढे जाईना, तो तर जाऊच शकत नाही. बाकीचे तळ्यापाशी ताटकळले. ब्रीडाला वाटलं पाय दुखतोय, तिने गोळी दिली. मुकाट गिळली. मूर्ख बाई!

बुध. १७
प्लँटवर दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची कारणं रिपोर्टात लिहिते. नोएलला खरं सांगायला हवं. की जाऊच नये?

शनि. २०
सांगितलं. हसला नाही. जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. "मग तूच शेवटी चाल. काम एकच, सगळे पुढे आहेत ना बघायचं."
गुडघ्यापर्यंत आलं जॅकेट. दर वीस पावलांनी वळून मागे बघत होते. पण चालले पूर्ण.

शनि. २७
घरी येऊन लगेच लिहितेय.
तळ्यापाशी मोजले. माझ्यासकट बारा. पुन्हा बारा. नोएल नाही. परत जाऊन बघायचं ते पिवळ्या जॅकेटवाल्याने, म्हणजे आजही मीच. ब्रीडा: "जाशील ना?"
जंगलात एकटी. रामरक्षा म्हणायला लागले, तीही अर्धीच आठवते. वळणावर बाकावर नोएल, चेहरा राखेसारखा, हात छातीवर.
"मी ग्रँड आहे गं."
ग्रँड म्हणजे इथे 'ठीक'. कसला ग्रँड! फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत हात धरून बसले. म्हणाला, "तू इथूनच गेलीस. हाक मारायला गेलो, आवाजच फुटेना."
दोन हातांवरून गेले असणार मी. मान मागे वळवलेली.

रवि. २८
नोएल हॉस्पिटलात, बोलतोय. ग्रुपवर सगळे माझं कौतुक करतायत, मी वेळेवर पोचले म्हणून. बाकावरचा माणूस मला दिसला नाही, हे कुणाला सांगितलेलं नाही. समीरलाही नाही.
ब्रीडाचा मेसेज: शनिवारी जॅकेट तूच घालशील?
समीर म्हणाला, "नको म्हण. मी येतो, माझ्याबरोबर चाल." किती सोपं झालं असतं.
'हो' पाठवलं. फोन खाली ठेवला नाही तोच मनात आलं. पुन्हा एक कमी भरला तर?